चव आप्पा सांगतात

रविवारी सकाळी नऊलाच दादूने भिजवलेला घेवडा शिजायला टाकला आणि ओट्यावर फळी मांडून कांदे चिरायला घेतले. जेवायला माणसं सहा, वेळ एकची. आप्पा दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर हातात धरून मुलाकडे बघत होते. वर्षापूर्वी कुणी त्यांना सांगितलं असतं की तुमचा एक्केचाळीस वर्षांचा दिवटा सकाळी नऊला आंघोळ करून, ॲप्रन बांधून चुलीपाशी उभा असेल, तर त्यांनी त्या माणसाला कारखान्यातून बाहेर काढलं असतं.

दादूची कांदा चिरायची एक पद्धत होती. ती त्याला व्यसनमुक्ती केंद्रातल्या स्वयंपाकीणबाईंनी शिकवली होती. दारू सोडायला आलेल्या बावीस जणांचे बावीस जोड हात, सगळे थरथरणारे. बाई पहिल्या आठवड्यात नुसते मटार सोलायला द्यायच्या, दुसऱ्या आठवड्यात गाजर आणि बोथट सुरी. कांद्यापर्यंत पोचायला दादूला महिना लागला. “सुरी कुठे आहे ते बघ, बोटं कुठे आहेत ते बघ,” बाई म्हणायच्या. “बाकीचं जग तुझ्यावाचून चालू आहे.” हे ऐकून त्याला आधी राग आला होता आणि मग फार बरं वाटलं होतं.

रोज अकराच्या सुमाराला त्याच्या अंगात ते उठायचं. तो त्याला तहान म्हणायचा. मग तो एक कांदा घ्यायचा आणि स्वतःला सांगायचा, हा होईपर्यंत थांब. तो झाला की पुढचा. तहान साधारण चार कांदे टिकायची, वाईट दिवशी नऊ. त्यामुळे सहा महिने या घरात कांदा जरा जास्तच खाल्ला जात होता, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आप्पांचा फर्निचरचा कारखाना घराच्या खालीच होता. दादू तिथे पॉलिश करायचा, आणि हात असा की टेबलात तोंड बघून भांग पाडावा. पण पॉलिश म्हणजे स्पिरिट आलं, आणि शेवटच्या वर्षी त्याचा हात एकदा त्या बाटलीपर्यंतही गेला होता. तो केंद्रातून परत आला त्या आठवड्यात आप्पांनी पॉलिशचं सगळं काम बाहेर द्यायला सुरुवात केली. त्याविषयी ते कुणाशी काही बोलले नाहीत. बाप-लेकात प्रेमाचं बोलणं असं लाकडाच्या आडूनच व्हायचं.

एक गोष्ट मात्र दादू करायचा नाही. शिजवताना तो चव बघायचा नाही. त्याचं प्रत्येक पिणं एकाच वाक्याने सुरू झालं होतं, ‘नुसती चव बघतो.’ घरी आल्या दिवशीच त्याने आईला सांगितलं होतं, “मी शिजवीन, वाढीन, तुमच्या पंगतीला बसून जेवीन. पण उभ्या उभ्या चमचा तोंडाला लावणार नाही. चव आप्पा सांगतील.”

आणि आप्पांना काही म्हणजे काही चव लागत नव्हती.

गेल्या हिवाळ्यातल्या तापाने त्यांचा वास गेला, पाठोपाठ जीभ गेली. येईल महिन्याभरात, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात दादू परत आला आणि भरलेला चमचा घेऊन समोर उभा राहिला. चेहऱ्यावर विचारायची ती तयारी, ते थांबणं. पंधरा वर्षांत या मुलाने त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी चमचा तोंडात घेतला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, “बरोबर आहे.” एकदा सांगितलेलं निस्तरायला मग दुसऱ्या दिवशीही सांगावं लागलं. पुढे आप्पा या कामात तरबेज झाले. रोज ‘बरोबर’ म्हटलं तर संशय येईल, म्हणून ते मधूनच ‘किंचित कमी’ म्हणायचे, तेही चिमटीने दाखवून.

आजचा दिवस साधा नव्हता. दादूची मुलगी चिमणी आज राहायला यायची होती, किंवा यायची नव्हती. तिची आई ती चार वर्षांची असताना आजारपणात गेली, आणि दादूचं पिणं हाताबाहेर गेल्यावर ताईने, म्हणजे दादूच्या थोरल्या बहिणीने, भाचीला आपल्या घरी नेलं. त्याला अडीच वर्षं झाली. ताईने गेल्या रविवारी फोनवर सांगितलं होतं, “आम्ही जेवायला येतो. तिची बॅग गाडीत ठेवीन. सगळं नीट वाटलं तर वर आणू.” नीट म्हणजे काय, ते तिने सांगितलं नव्हतं.

साडेबाराला दादूने पातेल्यावरचं झाकण काढलं. कांदा, गाजर, बटाटा आणि घेवडा घालून केलेलं दाट सूप, सोबत पाव. साधंच जेवण, पण चिमणीने फोनवर तेच मागितलं होतं.

“आप्पा, घेवड्यात मीठ घातलं होतं ते आठवतंय,” तो म्हणाला. “नंतर पातेल्यात घातलं का? तुम्ही बघितलंत?”

“मी कशाला बघू? मी पेपर वाचत होतो.”

“मग चव बघता का जरा?”

आप्पांनी चमचा घेतला. सूप गरम होतं एवढं त्यांना कळलं. अकरा दिवस झाले, ते सलग ‘बरोबर’ म्हणत होते. आणि आज तर जावई जेवायला. अळणी जेवण लोक विसरत नाहीत, असा त्यांनी पोक्त विचार केला.

“कमी आहे,” ते म्हणाले. “मोठा चमचाभर घाल.”

“मोठा?”

“सहा माणसं आहेत.”

दादूने चमचाभर मीठ घातलं, ढवळलं, हात पुसले आणि तो मागच्या अंगणात फोन करायला गेला. रोज या वेळी तो केंद्रातल्या आपल्या सोबत्याला फोन करायचा. दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली की इतर दिवशी काय घडायचं ते फक्त आईला माहीत होतं. आजही ती हळूच उठली होती. पण नेमकी दाराची घंटा वाजली. ताईचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि कुठेही अर्धा तास आधी पोचायचा.

“आजी, मी वहीत काय काढलंय बघ,” म्हणत चिमणीने आईला जी धरून बसवली ती सोडलीच नाही. आईने दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ताई म्हणाली, “आई, आज तू बसायचंस. मीच बघते ताटांचं.” आईचा जीव सगळा स्वयंपाकघरात.

दादू अंगणातून वर आला. चिमणी दारातच त्याच्या गळ्यात पडली. बारावं लागलं, तरी दारात बापाला मिठी मारायची तिची सवय सुटली नव्हती, आणि आईला त्याचं फार कौतुक होतं. दादू तिला धरून क्षणभर उभा राहिला.

“उंच झालीस.”

“पंधरा दिवसांत?”

“मग मी वाकलो असेन.”

ताईने ते दुरून बघितलं. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि सतरा वर्षांत तिने पुष्कळ दारुडे सुधारताना आणि पुन्हा खाटेवर येताना बघितले होते. भाऊ बरा व्हावा असं तिला मनापासून वाटत होतं. चिमणी आपल्याकडेच राहावी असंही वाटत होतं, कारण तिला मूल नव्हतं आणि अडीच वर्षांत तिच्या घराला आवाज आला होता. दोन्ही खरं होतं. सकाळी बॅग भरताना तिने चिमणीचे लोकरीचे मोजे मुद्दाम कपाटातच ठेवले होते आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा बॅगेत कोंबले होते.

सगळे टेबलाभोवती बसले. दादूने वाढलं आणि तो पाव कापायला लागला. पहिला घास दाजींनी घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“गरम आहे,” ते म्हणाले. “छान गरम आहे.”

चिमणीने चमचा तोंडातून काढला आणि ताटलीत ठेवला. ताईने गिळलं आणि पाण्याचा पेला उचलला. आप्पा मात्र सुखाने जेवत होते. एक घास, दुसरा, तिसरा. ते एकटेच.

या घरात खारट जेवणाचा एकच अर्थ होता. चिमणीच्या नवव्या वाढदिवसाला दादूने हौसेने स्वयंपाक केला होता. प्यायलेला असल्यामुळे मीठ घातल्याचं तो विसरत गेला आणि पुन्हा पुन्हा घालत गेला. ते जेवण पोरीने एकटीने संपवलं होतं, बाबाला वाईट वाटू नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात ताई तिला घेऊन गेली.

दादूने पाव कापणं थांबवलं. एकेकाचा चेहरा बघितला, बसला, आणि स्वतःच्या वाडग्यातला एक चमचा खाल्ला. त्याचा चेहरा उतरला.

“दादू,” ताई म्हणाली. “माझ्याकडे बघ.”

त्याने बघितलं. ती डोळ्यांकडे कशी बघते आहे ते त्याला कळत होतं.

“मी प्यायलो नाही, ताई.”

“हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलंय?”

“पुष्कळ वेळा.”

“मग मी काय करू, ते तूच सांग.”

दादूने आपला वाडगा बाजूला सारला. दाजी मीठदाणीकडे बघत बसले. ताईने रुमालाची घडी घातली, आणि तिला गाडीतली बॅग आठवली, आणि त्या आठवणीने आपल्याला जरासं हायसं वाटलं हे तिला कळलं. ते तिला आवडलं नाही.

“बाबा प्यायलेला नाही,” चिमणी म्हणाली. “मी आल्या आल्या बघितलंय.”

“काय बघितलंस?”

“वास. मिठी मारते ना, तेव्हा.”

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, कुणी हात धुतले का असं विचारल्यावर सांगावं तसं. आईचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं ती ज्या मिठीचं शेजारणींना कौतुक सांगत होती, ती ही.

चिमणीला आपण काय बोलून गेलो ते आता लक्षात आलं. तिने बापाकडे बघितलं. “म्हणजे, नुसती त्यासाठीच नाही मारत.”

“मला माहीत आहे,” दादू म्हणाला.

“वास घेते ते?”

“हो. तू सात वर्षांची असल्यापासून. म्हणून आता मी त्या वेळी मुद्दाम जोरात श्वास सोडतो. तुला नीट कळावं म्हणून.”

चिमणी खाली बघून टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“पण मग हे मीठ?” ताईने विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

आप्पांनी तोवर सगळ्यांच्या वाडग्यांत बघितलं होतं. आपला वाडगा तेवढा रिकामा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि गोष्ट गळ्याशी आली आहे हेही.

“मीठ मी घालायला सांगितलं,” ते म्हणाले. “त्याचा दोष नाही. मला चव लागत नाही.”

“आज?”

“हिवाळ्यापासून.”

दादू त्यांच्याकडे बघतच राहिला. “आप्पा, तुम्ही रोज सांगता. त्या दिवशी म्हणालात, किंचित कमी आहे.”

“ते असंच म्हणालो.”

“असंच?”

“तू चमचा घेऊन समोर उभा राहायचास,” आप्पा म्हणाले. “मला लागत नाही म्हणून सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस.”

आई इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती, आणि आज तिला ती धरायची वेगळी गरजही नव्हती. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. हिवाळ्यात एकदा मी चुकून तुमच्या चहात मीठ घातलं. तुम्ही तो पिऊन कप विसळून ठेवलात.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात का?”

दाजींना हसू आलं, आणि ताईने बघितल्यावर त्यांनी ते पावाबरोबर गिळलं. पण दादू हसत नव्हता. तो हिशोब जुळवत होता. आप्पांना चव नाही. आपण चव बघत नाही. मग सहा महिने या टेबलावर जेवण बरोबर कसं येत होतं?

“आई,” तो म्हणाला. “मी खाली फोन करायला जातो तेव्हा तू काय करतेस?”

आईने पदर सारखा केला. “जरासं बघते.”

“रोज?”

“रोज नाही. मागे एकदा मंगळवारी बरोबर होतं.”

दादू उठला. ॲप्रन अजून त्याच्या कमरेला होता, तो त्याने सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. या सहा महिन्यांत त्याने एकच गोष्ट स्वतःच्या हाताने उभी केली होती असं त्याला वाटत होतं. तिलाही मागून कुणीतरी टेकू दिला होता. तो कुणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाकघराला मागचं दार होतं, आणि मागच्या दारातून जिना थेट रस्त्यावर जात होता. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं.

“जा ना त्याच्या मागे,” आई ताईला म्हणाली.

“नाही,” ताई म्हणाली. “आई, तो प्यायचा तेव्हा तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, ताप आलाय. आप्पा सांगायचे, लाकूड ओलं आहे, माल उशिरा मिळेल. मी हिच्या शाळेत जाऊन सांगायचे, तिचे बाबा बाहेरगावी आहेत. तो सांडायचा आणि आपण तिघं पुसायचो. आताही तेच करतोय की. आता सूप आहे एवढंच.”

“मी वाईटासाठी केलं का गं?”

“नाही. तेव्हाही वाईटासाठी केलं नव्हतंस.” ताईने आईचा हात हातात घेतला. तिला आईचा राग आला होता आणि कीवही, आणि त्या सुरकुतलेल्या हातावर तिचं फार प्रेम होतं.

सगळे कान देऊन बसले. मागच्या दाराची कडी वाजते का ते प्रत्येक जण ऐकत होता, आणि आपण ऐकतोय हे दुसऱ्याला कळू नये म्हणून पाव मोडत होता. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फळीवर सुरीचा आवाज आला. ठक, ठक, ठक, एका मापाचा.

आप्पांचा जीव भांड्यात पडला. चिमणी खुर्ची सरकवून उठली आणि आत गेली. तिला कुणी अडवलं नाही.

दादू कांदा चिरत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं होतं आणि कांद्याचं नव्हतंही.

“कितवा?” तिने विचारलं. कांद्यांचं त्याने तिला फोनवर सांगितलं होतं.

“तिसरा.”

“चारात होईल?”

“आज नऊ लागतील बहुतेक. तू बस.”

ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. तो चिरत राहिला. पाचवा, सहावा. ताई, दाजी, आई आणि आप्पा एकेक करून दाराशी आले आणि तिथेच थांबले. सातव्या कांद्यानंतर त्याने सुरी ठेवली, तोंड धुतलं आणि पातेल्याकडे बघितलं.

“निम्मं काढून ठेवू,” तो म्हणाला. “पाणी वाढवू. बटाटे घालू अजून. आई, तू काय घालायचीस?”

“थोडं दूध,” आई दारातून म्हणाली.

“बरं.”

त्याने चार बटाटे सोलले. नवा कांदा तेलावर टाकला आणि त्याचा आवाज बदलेपर्यंत शेजारी उभा राहिला. कांद्यातलं पाणी संपलं की तडतड मऊ होते, तेव्हा बाकीचं घालायचं. तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. अर्ध्या तासाने बटाटे शिजले. त्याने लाकडी चमचा भरला, आणि सवयीने दाराकडे वळला.

आप्पांनी मान खाली घातली. चिमणी स्टुलावरून उतरली.

“दे, मी सांगते.”

दादूने चमचा मागे घेतला. “नको.”

“मला चव लागते, बाबा.”

“माहीत आहे. पण एवढी वर्षं वास तू घेतलास. आता चवपण तूच सांगायची? तू फक्त जेवायचंस.”

त्याने चमच्यावर फुंकर घातली. हात थोडा हलला, थेंबभर सूप ओट्यावर सांडलं. दारातलं कुणी पुढे होऊन ते पुसायला गेलं नाही. आईने तर स्वतःचे हात पदरात बांधून घेतल्यासारखे धरले होते. दादूने चमचा तोंडाला लावला.

“अजून जास्त आहे,” तो म्हणाला.

त्याने दूध घातलं, गॅस बारीक केला, पुन्हा चव बघितली. मग थोडं पाणी. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्याने चमचा विसळून खुंटीला अडकवला आणि कुणालाही न विचारता गॅस बंद केला.

जेवायला अडीच वाजले. दाजींनी तीनदा घेतलं आणि आपण मघाशीही चांगलंच म्हणत होतो याची सगळ्यांना आठवण करून दिली. आप्पा आधी वाडग्यात नुसते चमचा फिरवत बसले होते. मग त्यांनी शेजारी बसलेल्या दादूला हळूच विचारलं, “कसं झालंय?”

“कांदा गोड लागतोय, आप्पा,” दादू म्हणाला. “घेवडा मऊ झालाय. दुधामुळे मीठ मागून येतं, एकदम नाही.”

“हं,” आप्पा म्हणाले, आणि समाधानाने जेवू लागले.

ताईने ताटल्या गोळा केल्या. मग पर्समधून गाडीची किल्ली काढली, हातात थोडा वेळ धरली आणि दाजींच्या पुढ्यात ठेवली. “जरा हिच्याबरोबर खाली जाऊन या,” ती म्हणाली. “लोकरीचे मोजे तळाशी आहेत, चिमणे. रविवारी मी येईन ते बघायला, तू घालतेस की नाही.”

“दर रविवारी?”

“दर रविवारी. जेवायला.”

चिमणी खाली पळाली. दादू दारात जाऊन उभा राहिला, नेहमी राहायचा तसा, जरा वाकून. जिन्यावर तिची आणि दाजींची दमलेली पावलं ऐकू आली. ती वळणावर दिसली तेव्हा त्याने सवयीने छाती भरून श्वास घेतला आणि सोडायला तयार राहिला.

“बाबा, सरक ना,” चिमणी म्हणाली. “जड आहे.”

तो सरकला, आणि ती बॅग ओढत त्याच्या बाजूने आत निघून गेली.